हालिंगरच्या बिअरची चव

माझा जावई गेर्नोट हानोव्हरचा. आमच्याकडे डोनाऊ नदीच्या पलीकडे जन्मलेला कुणीही माणूस प्रशियन, म्हणजे उत्तरेकडचा परका, धरला जातो, आणि प्रशियन माणसाशी आम्ही फार अदबीने वागतो. ओबरलाइटनमध्ये नऊ वर्षं त्याच्याशी सगळे इतक्या अदबीने वागले की दर रविवारी चर्च सुटल्यावर फान्नीच्या खानावळीत त्याला एकट्यालाच बसून बिअर प्यावी लागली.

त्याच्यापासून हातभर अंतरावर, कोपऱ्यात, भिंतीवरच्या क्रूसाखाली गोल टेबल आहे. तिथे तिघं बसतात. लाकूड कापायची गिरणी चालवलेला क्विरिन, गावातली निम्मी छपरं कौलारलेला वेंडेलिन आणि चर्चची घंटा सांभाळणारा ओट्टमार. चौथी खुर्ची पोस्टमनची होती. तो वारला त्याला चार वर्षं झाली होती. अशा खुर्चीत कोण बसणार हे कुणी ठरवत नाही, पण बोलावल्याशिवाय कुणी बसतही नाही. शेजारच्या टेबलावरून गेर्नोट त्यांचे विनोद ऐकायचा आणि आमची बोली त्याच्या डोक्यात उतरेपर्यंत थोडा वेळ जात असल्यामुळे सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायचा. त्यामुळे तो त्यांना हसतोय असं वाटायचं.

त्याला ती खुर्ची हवी होती. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण माझी मुलगी रेनाटे त्याच्याशी लग्न करून तिकडे गेली आणि निवृत्तीनंतर त्याला घेऊन माझ्या घरी परत आली, तेव्हापासून मी त्याला रोज बघत होते. गणितात डॉक्टरेट घेतल्यावर तीस वर्षं विमा कंपनीत बसून माणसं सरासरी कितव्या वर्षी मरतात याची गणितं त्याने केली होती. अशा माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी रिकामी खुर्ची दिसली की तिचं वेगळंच काही वाटत असणार.

लेंटच्या उपवासांआधीच्या कार्निव्हलच्या रविवारी क्विरिनला जरा जास्त झाली होती. मान वळवून तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही एवढे शिकलेले. जुन्या हालिंगरसारखी गव्हाची बिअर एकदा करून आणा आणि बसा या खुर्चीत."

तिघं हसले. गेर्नोट हसला नाही. त्याने खिशातून वही काढली आणि विचारलं, कधीपर्यंत? क्विरिनला काहीतरी उत्तर देणं भाग होतं. तो म्हणाला, पेन्टेकॉस्टच्या रविवारपर्यंत, म्हणजे जूनच्या सणापर्यंत.

जुना हालिंगर म्हणजे माझे वडील.

आमची भट्टी सदुसष्ट साली बंद पडली. ती का बंद पडली हे गावात आता कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना पक्कं माहीत आहे की मोठ्या कंपन्यांनी तिचा गळा घोटला. वडिलांच्या बिअरचा फेस इतका दाट होता म्हणे की त्यात काडी खोचली तर ती उभी राहायची. चर्चच्या नव्या घंटेला आशीर्वाद द्यायला बिशप आले तेव्हा त्यांनी तिसरा ग्लास मागून घेतला म्हणे. तो ग्लास उचलायला मी होते. चौदा वर्षांची होते. तो पहिलाच ग्लास होता आणि अर्धा भरलेला होता.

खरं सांगायचं तर वडिलांची बिअर वाईट होती. जानेवारी-फेब्रुवारीत पिण्यासारखी असायची. मे महिन्यापासून पुढे ती आंबटसर, पाणचट आणि अंगावर येणारी व्हायची. बाटली उघडली की निम्मी बिअर छताला जायची. गावातले पुरुष उन्हाळ्यात सायकली काढून शेजारच्या गावी प्यायला जायचे. त्यात क्विरिनचे वडील होते आणि कळता झाल्यावर क्विरिनही होता. मग वडील वारले. तीच माणसं टोप्या हातात घेऊन शवपेटीशी उभी राहिली आणि म्हणाली, अशी बिअर आता होणे नाही. त्या वेळी मी काय बोलणार होते? मी आभार मानले. त्यानंतर दर वर्षी ती बिअर थोडी थोडी सुधारत गेली. फेस दाट झाला, बिशपांचे ग्लास वाढले. मीही पुढे पुढे मान डोलवायला लागले. आपल्या बापाचं कुणी चांगलं बोलत असेल तर त्याला अडवायला फार मोठं मन लागतं.

गेर्नोटने पुस्तकं मागवली. जकात कार्यालयाला रीतसर पत्र लिहिलं, कारण घरी बिअर करायची तर तसं कळवावं लागतं. पत्राला त्याने तळघराचा नकाशा जोडला. उत्तर एका ओळीचं आलं, त्यामुळे तो जरा खट्टू झाला. कपडे धुवायच्या खोलीतून रेनाटेच्या दोऱ्या निघाल्या आणि तिथे नळाचं एक मोठं पातेलं, झाकणाचं पिंप आणि तीन थर्मामीटर आले. तीन कशाला, असं मी विचारलं. तो म्हणाला, एक चुकला तर दुसऱ्याने सांगावं आणि दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्याने निकाल द्यावा.

गव्हाच्या बिअरचं सगळं तापमानावर आहे, असं त्याने मला समजावलं. यीस्ट जरा गारव्यात ठेवलं तर बिअरला लवंगेचा वास येतो, उबेत ठेवलं तर केळ्याचा. अठरा अंशांवर सुरुवात करायची, हळूहळू वीस-एकवीसपर्यंत चढू द्यायचं आणि निदान सात दिवस हात लावायचा नाही. मी ऐकून घेतलं. मी भट्टीतच मोठी झालेली आहे, हे त्याच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे. पण मग त्याने विचारलं, "आई, तुमचे वडील किती अंशांवर आंबवायचे?"

त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता. ते पिंपात कोपर बुडवायचे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं. हे मी गेर्नोटला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकघरात सहा वाडगे मांडले, प्रत्येकात वेगळ्या तापमानाचं पाणी, आणि बाही वर करून वडिलांसारखं कोपर बुडवायची मला विनंती केली. ब्याऐंशी वर्षांची बाई मी, रेनाटे दारात कमरेवर हात ठेवून उभी, आणि मी एकेका वाडग्यात कोपर बुडवून आठवतेय. चौथ्या वाडग्याशी मी म्हटलं, हा असेल. त्याने वहीत लिहिलं, साडेएकोणीस. माझं कोपर इतकं अचूक आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

नऊ मेला त्याने पहिली बिअर लावली. गहू आणि जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, गरम पाण्यात मुरवला, गाळला, हॉप्सची कडू फुलं घालून उकळला, गार केला, यीस्ट सोडलं. दुसऱ्या दिवशी पिंपाच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायला लागले आणि घरभर कच्च्या पावाचा वास सुटला. तो वास मी सत्तेचाळीस वर्षांनी घेत होते. मी भांडी घासायचं निमित्त करून तळघरात गेले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मग थंडीचे संत आले. मेच्या मध्यावर पांक्राट्सपासून सोफीपर्यंत एकेका संताच्या दिवशी आमच्याकडे थंडी परतते आणि शहाणी माणसं तोवर टोमॅटोची रोपं बाहेर काढत नाहीत. रेनाटेने एक मेलाच घर तापवायचा बॉयलर बंद केलेला असतो, कारण तिच्या मते मे म्हणजे उन्हाळा. तळघर तेरा अंशांवर गेलं. तिन्ही थर्मामीटरचं यावर एकमत होतं. दुसऱ्याच दिवशी बुडबुडे थांबले.

गेर्नोटकडे एक तरंगती काचेची नळी होती. रसात साखर जास्त असली की ती वर राहते, यीस्टने साखर खाल्ली की खाली बुडते. आकडा तीनपर्यंत उतरायला हवा होता. तो पाचावर अडला आणि दोन दिवस तिथेच राहिला. पुस्तकातल्या एका पानावर लिहिलं होतं की तीनपर्यंत वाट बघा. पुढच्या पानावर लिहिलं होतं की आकडा दोन दिवस हलला नाही की काम झालं. पेन्टेकॉस्ट आठ जूनला होता आणि बाटलीत भरल्यावर बिअरला तीन आठवडे लागतात. त्यामुळे त्याला पुढचं पान पटलं. एका विमावाल्याने आयुष्यभरात केलेला हा पहिलाच आशावादी हिशोब असावा.

मी पिंपाला हात लावून बघितला. गार होतं. मी म्हटलं, "गेर्नोट, हे झोपलंय. संपलेलं नाही."

"यीस्ट झोपत नाही, आई."

"थंडी वाजली की सगळेच झोपतात. वर चुलीपाशी आणून ठेव आठवडाभर."

त्याने मला भिंतीवरचं वेळापत्रक दाखवलं. पन्नास वर्षांपूर्वी असंच एका पिंपाशी मी असंच काहीतरी बोलले होते आणि तेव्हाही भिंतीवर बोट दाखवलं गेलं होतं. फक्त तेव्हा तिथे वेळापत्रक नव्हतं, कॅलेंडर होतं.

पंधरा तारखेला, सोफीच्या दिवशी, त्याने बाटल्या भरल्या. फेस यावा म्हणून प्रत्येक बाटलीत बाजूला ठेवलेला गोड रस थोडा थोडा घातला, तोही ग्रॅममध्ये मोजून. संत गेले आणि ऊन आलं. बाटल्या मागच्या पडवीत उबेला ठेवल्या होत्या. आत निजलेलं यीस्ट जागं झालं, तेव्हा त्याच्यापुढे दोन जेवणं वाढलेली होती, उरलेलं आणि नवीन. मला हे कळत होतं. मी रेनाटेला इतकंच सांगितलं की पडवीत कपडे वाळत घालू नकोस.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी गेर्नोट जाकीट घालून, बारा बाटल्यांचा खोका दोन्ही हातांत धरून खानावळीत शिरला. आम्ही बायका खिडकीपाशी बसलो होतो. फान्नीने उंच ग्लास धुऊन पुसून मांडले. क्विरिनच्या तोंडावरून दिसत होतं की कार्निव्हलच्या दिवशी आपण काय बोललो ते त्याला आठवत नव्हतं, पण ओट्टमारला आठवत होतं आणि त्याने त्याच्या कानात सांगितलं. तेव्हा क्विरिन ताठ बसला आणि परीक्षकासारखा मिशीवरून हात फिरवायला लागला.

गेर्नोटने पहिल्या बाटलीची तारेची कडी अंगठ्याने दाबली.

आवाज बंदुकीसारखा झाला. बिअर वर गेली, सरळ, आणि खूप वेळ वर जात राहिली. छताला लागून ती कोपऱ्यात पसरली. क्रूसावर, त्याच्यामागे खोचलेल्या वाळक्या फांद्यांवर, क्विरिनच्या सणाच्या कोटावर आणि ओट्टमारच्या टकलावर. मग येशूच्या गुडघ्यांवरून थेंब थेंब टेबलावर पडायला लागले. गेर्नोट मोकळी बाटली हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा मला बघवेना. नऊ वर्षं एक चूक न केलेला माणूस होता तो.

वेंडेलिनने स्वतःचं मनगट चाटलं. थांबला. परत चाटलं. मग तो हळूच म्हणाला, "क्विरिन, जरा बघ रे."

बाटलीच्या तळाशी चार बोटं बिअर उरली होती. फान्नीने ती तीन ग्लासांत वाटली. क्विरिन प्यायला आणि त्याचं तोंड वाकडं झालं, लिंबू चोखल्यावर होतं तसं. ओट्टमारने डोळे मिटून घेतले. मग तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना काय झालं हे त्या खानावळीत फक्त मला कळलं. पन्नास वर्षं ज्या चवीचं कौतुक केलं तीच चव जिभेवर आली होती, आणि ती किती वाईट आहे हे त्यांना आत्ता आठवत होतं. तिघांपैकी एकालाही ते म्हणणं शक्य नव्हतं. सगळी खानावळ बघत होती, आणि हालिंगरची मुलगी खिडकीपाशी बसली होती.

क्विरिनने घोट गिळला. "हीच," तो म्हणाला. "हीच ती. देवाशपथ."

मी उठून गेले आणि त्याच्या ग्लासातला उरलेला घोट प्यायले. पाणचट, आंबटसर, पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा वास. वडील चामड्याचा एप्रन बांधून समोर उभे राहिल्यासारखे झाले. मला रडू आलं. त्यानंतर कुणाला पुरावा मागायची गरज उरली नाही.

क्विरिनने पोस्टमनची खुर्ची पायाने मागे सरकवली. गेर्नोटला म्हणाला, "ये, बस इथं. आणि पुढची बाटली बाहेर अंगणात उघड, गाढवा."

नऊ वर्षांत त्याला गावात कुणी गाढव म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्याने हे रेनाटेला तीनदा सांगितलं.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण गेर्नोटला ठाऊक होतं की ती बिअर चुकली होती. त्याने पुस्तकं परत उघडली आणि चूक सापडल्यावर मला येऊन सांगितलं की यीस्ट खरंच झोपतं, पुस्तकात तसा शब्द नाही पण अर्थ तोच. मी म्हटलं, बरं झालं कळलं. सप्टेंबरात त्याने दुसरी बिअर लावली. पिंपाभोवती रजई, रजईखाली माशांच्या टाकीतला हीटर, अठरा अंश, मग वीस, आकडा तीनाच्या खाली उतरेपर्यंत नऊ दिवस हात नाही. बाटल्या एक आठवडा उबेत, तीन आठवडे गारव्यात. मी चाखली. लवंगेचा बारीक वास, वर दाट पांढरा फेस, घशाखाली रेशमासारखी उतरणारी. अशी गव्हाची बिअर मी आयुष्यात प्यायले नव्हते. वडिलांनी ती केली असती तर आमची भट्टी आजही चालू असती.

ऑक्टोबरात चर्चच्या वाढदिवसाच्या रविवारी तो ती घेऊन गेला. खानावळीत भाजलेल्या बदकाचा वास होता. बाटली उघडली, हलकासा उसासा आला, काही उडालं नाही. तिघं प्यायले. वेंडेलिनने ग्लास रिकामा करून पुढे केला. ओट्टमारने फेस पुसायला इतका वेळ लावला की तो अजून चव घेतोय हे स्पष्ट होतं. मग त्या दोघांनी क्विरिनकडे बघितलं.

क्विरिनने ग्लास खाली ठेवला. "चांगली आहे," तो म्हणाला. "दुकानात मिळते तशी आहे. पण डॉक्टरसाहेब, ही हालिंगरची नाही. मागच्या वेळी तुमच्या हातून काय ते जमून गेलं असेल."

तुमच्या. गेर्नोटने ते ऐकलं. खुर्चीतून त्याला कुणी उठवलं नाही, पण त्या दिवशी विनोद झाले तेव्हा तो परत उशिरा हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सफरचंदं सोलत होते तेव्हा तो समोर येऊन बसला. वही उघडी होती. "आई," तो म्हणाला, "मला खरं सांगा. ती बिअर चांगली होती का?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी सांगितलं होतं.

"नव्हती," मी म्हटलं. "वाईट होती. जूनमधली तर डुकरांनी तोंड लावलं नसतं."

हे मी मोठ्याने बोलले आणि दाराकडे बघितलं, वडील ऐकत असल्यासारखं. काही झालं नाही. चुलीवरचं पाणी उकळत राहिलं. मग मी त्याला सगळं सांगितलं. बिअर आंबवायची खोली आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीपलीकडे सतरा गाई. हिवाळाभर गाई आतच असायच्या, त्यांच्या अंगाची ऊब विटांमधून यायची आणि खोलीचं तापमान दिवसरात्र सारखं राहायचं. म्हणून जानेवारीची बिअर बरी. मे महिन्यात गाई सकाळी कुरणात जायच्या. रात्रभर उबेत बुडबुडे सोडणारं पिंप दिवसा गार पडायचं, संध्याकाळी गाई परतल्या की परत जागं व्हायचं. यीस्ट बिचारं रोज दोनदा निजवलं आणि उठवलं जायचं. आणि शुक्रवार आला की वडील बाटल्या भरायचे, कारण शनिवारी गाडी जायची. पिंप सोमवारी लावलेलं असो की बुधवारी, शुक्रवार म्हणजे शुक्रवार. मी एकदा म्हटलं होतं की थांबा, अजून चालू आहे. त्यांनी कॅलेंडर दाखवलं.

"मग सगळे तिचं एवढं कौतुक का करतात?"

"सण उन्हाळ्यात येतात. लग्नं उन्हाळ्यात होतात. ते पोरी फिरवायच्या वयाचे होते, आणि हातात हीच बिअर असायची."

गेर्नोटने पेन उचललं. मला वाटलं आता हा म्हणेल की असल्या वेडेपणात मला पडायचं नाही. मनातून मला तसंच हवं होतं बहुतेक. त्याने वहीचं कोरं पान काढलं. मग त्याने विचारलं, "गाई सकाळी किती वाजता सुटायच्या?"

"सहाला. दूध काढलं की."

"आणि परत?"

"पाचला. शनिवारी जरा आधी."

त्याने शनिवारही लिहून घेतला.

तेव्हापासून आमच्या तळघरात एक यंत्र आहे. पिंपाला एका बाजूने गरम आणि दुसऱ्या बाजूने गार पाण्याची नळी गुंडाळलेली आहे आणि एका घड्याळावर ती आलटून पालटून चालते. सकाळी सहाला तापमान बावीसवरून तेराकडे घसरायला लागतं, संध्याकाळी पाचला परत चढतं. भिंतीवरच्या तक्त्यात दोन रकाने आहेत. एकावर लिहिलंय, गाई बाहेर. दुसऱ्यावर, गाई आत. सोमवारी लावतो, शुक्रवारी भरतो. माझ्या वडिलांचा आळस हानोव्हरच्या एका गणितज्ञाने अर्ध्या अंशाच्या अचूकतेने उभा केला आहे, आणि आता एकही बाटली चांगली निघत नाही. वडिलांच्या काळी निदान हिवाळ्यात सवलत होती.

नोव्हेंबरात त्याने ती नेली. खानावळीच्या अंगणात उघडली, फवारा छपराच्या पन्हळीपर्यंत गेला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्विरिन पूर्ण ग्लास प्यायला, त्याने डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तो म्हणाला, "आता कशी आली गाडी रुळावर. बस रे." त्या दिवसापासून गेर्नोट चौथ्या खुर्चीत पक्का आहे. महिन्यातून एकदा ते चौघं हालिंगरची बिअर पितात आणि शेवटच्या घोटापर्यंत कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. गेर्नोटला त्यानंतर दोन दिवस पोटात जळजळतं. तो म्हणतो, नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसण्यापेक्षा हे परवडलं.

दुसरी बिअर, ती लवंगेच्या वासाची, तो अजून करतो. फक्त घरच्यासाठी, रेनाटेला आवडते म्हणून. ती कुठे नेत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी दुपारी वेंडेलिन परसदारी आला. कौलं तपासायला आलोय म्हणाला. त्याला गुडघ्यामुळे शिडी चढता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि तळघरातून त्यातली एक बाटली आणली. तो हळूहळू प्यायला, दुसरी मागितली आणि जाताना म्हणाला की क्विरिनला कळू देऊ नकोस. बुधवारी ओट्टमार आला. त्याला चर्चच्या मेणबत्त्यांबद्दल काहीतरी विचारायचं होतं. त्यानेही तेच सांगितलं.

गुरुवारी क्विरिन आला. त्याने काही कारण काढलं नाही, वयाने तो मोठा आहे. टोपी काढली, टेबलाशी बसला आणि ती लवंगेच्या वासाची काढ म्हणाला. मी ग्लास तिरपा धरून हळूहळू ओतली, वडिलांनी शिकवली तशी. ओतायला ते चांगलं शिकवायचे. फेस काठाच्या वर आला आणि तिथेच थांबला. क्विरिनने अर्धा ग्लास एका दमात संपवला. बाहेर बर्फ वितळत होतं.

मग त्याने मिशी पुसली. "बरी करतो तुझा प्रशियन," तो म्हणाला. "पण बुर्गी, तुझ्या बापाच्या बिअरची सर याला नाही."

"नाही," मी म्हटलं, आणि त्याचा ग्लास परत भरला.